'कुंकू' बघितल्यापासून दुसरं काही बघावंसंच वाटत नाहीये, पुढे काय बघू?

नारायणपेठेतली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आजीबरोबर 'कुंकू' बघितला. आजी ८६ वर्षांची आहे, तिला रात्री लवकर झोप लागत नाही म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिच्या खोलीत बसते आणि दोघी मिळून काहीतरी लावतो. नाव तिनेच सांगितलं, म्हणाली शांता आपटेचा आहे, लाव. मला वाटलं जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा आहे, गाणी असतील, रडारड असेल, पंधरा मिनिटांत आजीला डुलकी लागेल आणि मग मी माझी सिरीज बघेन. आजी झोपली नाही आणि मी पण नाही. संपला तेव्हा साडेबारा वाजले होते आणि आम्ही दोघी गप्प बसून होतो.

१९३७ चा सिनेमा आहे हो हा! नीराचं फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून देतात आणि ती सरळ सांगते की मला हे लग्न मान्य नाही. पळून जात नाही, विहीर जवळ करत नाही, त्याच घरात राहून, त्याच चुलीवरचं खाऊन, रोज नाही म्हणते. आणि गंमत अशी की म्हातारा सुद्धा राक्षस नाहीये, शेवटी शेवटी मला त्याचंच जास्त वाईट वाटायला लागलं आणि मग नीराशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. आजी म्हणाली तिच्या आत्याचं असंच झालं होतं, बिजवराला दिली होती, पण आत्या काही बोलली नाही कधी. ही आत्या मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हती.

'कुंकू' प्रभात कंपनीचा. पुण्यातल्या प्रभात रोडला प्रभात का म्हणतात हे शाळेपासून माहितीये, सहा वर्षं ऑफिसला जाताना रोज फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या, गेटवरून जाते, पण त्या भिंतीच्या आत हे असलं काही केलं गेलं होतं याचा कधी विचारच केला नव्हता.

तर आता प्रश्न. पुढे काय बघू? कृपा करून 'टॉप टेन' वगैरे याद्या देऊ नका, त्या शोधल्या की ढिगाने मिळतात आणि सगळीकडे तीच नावं असतात. तुम्हाला स्वतःला मनापासून आवडलेला एखादाच सांगा, शक्यतो कोणी फारसा बघत नाही असा, आणि त्यात काय बघायचं ते पण सांगा. आजीला पण आवडला पाहिजे ही एकच अट.

---

रीळवेडा

तुमची पोस्ट बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. आत्याचं वाचून ती पण थांबली.

पुढचं सांगण्याआधी एक विनंती, 'कुंकू' अजून एकदा लावा आणि यावेळी फक्त कान द्या. पूर्ण सिनेमात पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण ती कोणीतरी गातंय, रेकॉर्ड लागलीये, रस्त्यावर मुलगा म्हणतोय अशीच येतात, 'मन सुद्ध तुझं' सुद्धा तसंच येतं. बाकी सगळा वेळ घरातले आवाज. आज आपल्याला दुःखाच्या सीनला व्हायोलिन वाजलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं, शांतारामबापूंनी, म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी, १९३७ साली ते काढूनच टाकलं आणि काकासाहेबांच्या, म्हणजे त्या म्हाताऱ्या वकिलाच्या, घड्याळाची टिकटिक ठेवली. त्या घड्याळावर लक्ष ठेवा, म्हातारपण, संसार, उरलेले दिवस, सगळं त्याच्यावर टांगलंय. आणि नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते ना, तेव्हा तिच्या आवाजाकडे बघा, मुलगी स्वतःलाच धीर देतीये. अजून एक, काकासाहेबांची विधवा मुलगी, जी वडिलांना तोंडावर सुनावते, ते काम केलंय शकुंतला परांजपे यांनी, रँग्लर परांजप्यांची मुलगी. पुढे त्यांनी कुटुंबनियोजनाच्या कामाला वाहून घेतलं आणि सई परांजपे या त्यांच्या कन्या. म्हणजे पडद्यावर जे बोलल्या ते बाहेर पण बोलतच राहिल्या.

आता पुढचा. मी 'संत तुकाराम' सांगणार, आणि तुम्ही म्हणाल की काका हा तर सगळ्यांना माहितीये, यात दुर्लक्षित काय? अहो नाव सगळ्यांना माहितीये, शेवटचं विमान सगळ्यांना माहितीये, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला हे शाळेच्या जीकेच्या पुस्तकात असतं, पण पूर्ण सिनेमा नीट बसून बघितलेली माणसं मला माझ्याच सोसायटीत दोन सापडली. मी पण चाळीस वर्षं हा भक्तिपट आहे असं समजून टाळला होता. मग एकदा पुण्यातल्या राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला आणि लक्षात आलं की हा सिनेमा जितका तुकोबांचा आहे तितकाच जिजाईचा आहे.

गौरी नावाच्या बाईंनी केलीये ती जिजाई. तिला म्हैस आहे, पोरं आहेत, घरात दाणा नाही आणि नवरा विठ्ठल विठ्ठल करत सगळं वाटून येतोय. तिचा राग खरा आहे, भूक खरी आहे. पोरगं आजारी पडतं तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला जाते, हा सीन आज कोणी लिहायला धजेल का मला शंका आहे. आणि दिग्दर्शक दामले-फत्तेलाल तिला कुठेही खाष्ट बायको म्हणून हसण्यावारी नेत नाहीत. तुकोबांची भक्ती जेवढी मोठी तेवढंच जिजाईचं कष्टणं मोठं. तिचं बोलणं ऐका, अस्सल खेड्यातलं, नाटकी हेल अजिबात नाही, आणि ही गोष्ट कुठल्या काळात, तर बाकीचे नट अजून संगीत नाटकातल्यासारखे प्रेक्षकांकडे तोंड करून बोलत होते तेव्हा.

विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे, त्यांचा तो हळवा चेहरा आणि आवाज तुकोबाला इतका शोभला की कित्येक घरांत तुकोबा म्हणून त्यांचाच फोटो लागला. आणि 'आधी बीज एकले' हे तुकोबांचं नाही बरं का, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलंय. गाथेत शोधूनही सापडलं नाही म्हणून लोक चक्रावले होते, इतकं ते बेमालूम उतरलंय. केशवराव भोळ्यांची चाल आहे.

आजींना नक्की आवडेल. आणि तुम्ही जिजाईवरून नजर हटवू नका.

---

गणेशखिंडकर

यादी नको म्हणालात ते बरं केलंत, मी एकच सांगतो '२२ जून १८९७'. १९७९ चा आहे, नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा, दोघंही मूळचे आर्किटेक्ट आणि ते प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं, वाड्याचा चौक कसा, जिना कसा अंधारा, ओटीवर कोण बसणार आणि आत कोण जाणार हे सगळं घर बघून कळतं, कोणी बोलून सांगावं लागत नाही. जयूताईंना कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार पण मिळाला होता याला.

चापेकर बंधूंची गोष्ट आपल्याला पाठ असते, गोंद्या आला रे वगैरे, पण सिनेमा ती शाहिरी ढंगात सांगतच नाही. प्लेग आलाय, गोरे सोजीर घरात घुसून माणसं उचलतायत, देवघरापर्यंत बूट घालून जातायत, आणि दामोदर आणि बाळकृष्ण ही माणसं कर्मठ आहेत, रागीट आहेत, कधीकधी पटत नाहीत, आणि दिग्दर्शक ते झाकत नाहीत. लहानपणी शाळेतर्फे देशभक्तीपर सिनेमे दाखवायचे त्यातला एकही इतका शांत नव्हता. टिळक म्हणून सदाशिव अमरापूरकर आहेत, पुढे सगळा देश त्यांना खलनायक म्हणून ओळखायला लागला त्याच्या आधीचे.

मी युनिव्हर्सिटीत शिकत असताना हा बघितला आणि त्या रात्री होस्टेलला परत येताना गणेशखिंड रस्त्यावर मुद्दाम गाडी बंद करून उभा राहिलो. आपली युनिव्हर्सिटीची मेन बिल्डिंग म्हणजे तेव्हाचं गव्हर्नमेंट हाऊस, तिथून राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ उरकून प्लेगचा अधिकारी रँड याची बग्गी याच रस्त्याने निघालेली. आता तिथे रात्री बारालाही ट्रॅफिक असतं. तरी पाच मिनिटं मला हॉर्न ऐकू येत नव्हते.

पुण्यात राहून हा बघितला नसेल तर खरंच बघा. आजींना थोडा जड जाईल कदाचित, पण पेठेतल्या असतील तर वाडे ओळखीचे वाटतील.

---

टिळकरोड_०९

एक प्रामाणिक शंका विचारतो, कोणी चिडू नका. मी मनापासून प्रयत्न केलाय, 'संत तुकाराम' तीनदा लावला आणि तिन्ही वेळा अर्ध्या तासात बंद केला. आवाज खरखरीत, चित्र धुरकट, माणसं जाडी आणि बुटकी दिसतात, आणि एकेक गाणं संपतच नाही. मला वर्ल्ड सिनेमा आवडतो, जपानी जुने सिनेमे मी शांतपणे बघू शकतो मग आपलेच का जमत नाहीत? माझ्यात काही कमी आहे की सिनेमे खरंच जुने झालेत?

---

मुक्ता_फ

@टिळकरोड_०९ तुमच्यात काही कमी नाहीये, तुमच्या टीव्हीची सेटिंग चुकलीये 🙂 माणसं जाडी आणि बुटकी दिसतात म्हणालात तिथेच कळलं. हे सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीत काढलेले आहेत, चारास तीन समजा. आजच्या रुंद स्क्रीनवर भरण्यासाठी एकतर ते आडवे ताणतात नाहीतर वरचं खालचं कापून टाकतात. फत्तेलाल, म्हणजे सगळ्यांचे साहेबमामा, ते मुळात चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, त्यांनी जी चौकट मोजून मापून रचली ती आपण ताणून बघायची आणि मग धुरकट म्हणायचं हे बरोबर नाही ना. टीव्हीला ४:३ करा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येऊ द्या, खोलीतला दिवा घालवा. जपानी सिनेमे तुम्ही नीट केलेल्या प्रिंटवर बघता, आपल्या सिनेमांची तिसऱ्या चौथ्या कॉपीची कॉपी बघता, त्यात सिनेमाचा काय दोष?

गाण्यांचं म्हणाल तर थोडं मान्य. मला पण सगळी गाणी झेपत नाहीत आणि मी ते कबूल करते.

तुम्हाला आणि मूळ पोस्टवाल्या ताईंना दोघांनाही माझ्याकडून एकच, 'माणूस', १९३९. शांतारामांचा मला सगळ्यात जवळचा हाच, 'कुंकू'पेक्षाही. गणपत हवालदार (शाहू मोडक) छाप्यात मैना नावाच्या मुलीला वाचवतो आणि मग गुंततो. मैना म्हणजे शांता हुबळीकर. 'कशाला उद्याची बात' गाणं रेडिओवर हजारदा ऐकलं असेल पण सिनेमात बघा, कोठ्यावर आलेल्या वेगवेगळ्या भाषांच्या गिऱ्हाइकांसमोर ती एकेकाच्या भाषेत कडवं म्हणते, हसत हसत, आणि तिच्या डोळ्यात त्या हसण्याचा मागमूस नाही. त्या गाण्याला आपण आनंदी गाणं म्हणून लावतो, लग्नाच्या संगीताला लावतो! मी सिनेमा बघितल्यापासून तसं लावू शकत नाही.

दुसरी जागा, गणपत तिला आपल्या आईकडे घेऊन जातो. आई साधी, देवभोळी, तिला मुलगी पसंत पडते, मायेने वागते आणि नेमकं ते मैनाला सहन होत नाही. कोणी हाकललं असतं तर ती राहिली असती असं मला वाटतं. माया मिळाली म्हणून गेली. हे मला विशीत कळलं नव्हतं, चाळिशीत कळलं.

आणि मध्येच एक धमाल पण आहे, त्या काळच्या गुळगुळीत प्रेमपटांची टर उडवलीये, झाडाखालचं प्रेमगीत वगैरे. आजी खळखळून हसतील. शांता हुबळीकरांचं आत्मचरित्र पण 'कशाला उद्याची बात' याच नावाचं आहे, सिनेमा बघून झाला की ते वाचा, आधी नको.

---

लॉकॉलेज_रोडवरून

सगळे सिनेमे सांगताय तर मला न दिसणाऱ्या सिनेमांबद्दल थोडं लिहू द्या, कारण त्याशिवाय जे उरलेत त्यांची किंमत कळत नाही.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सिनेमाची फिल्म नायट्रेटची असायची. भयंकर ज्वालाग्राही, आणि नाही पेटली तरी आपोआप सडते, आधी चिकट होते आणि मग तिची भुकटी होते. वर त्यात चांदी असते. सिनेमा थिएटरातून उतरला की त्याची किंमत शून्य, चांदीची मात्र आहे, त्यामुळे कित्येक मालकांनी रिळं धुवून चांदी काढून विकली. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश' असाच गेला, त्यात शेतकऱ्याचं काम स्वतः शांतारामांनी केलं होतं, आणि आज आपण त्याच्याबद्दल फक्त वाचू शकतो. 'आलम आरा' नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं तेवढी आहेत.

जी आहेत ती मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीमुळे, पी. के. नायर. केरळातून आलेले, १९६४ मध्ये फिल्म अर्काइव्ह सुरू झालं तेव्हापासून ते गावोगाव फिरून, कुटुंबांच्या माळ्यावरून, गोदामातून डबे गोळा करत राहिले. अंधारात बसून वहीत नोंदी करायचे, कुठल्या रिळात कुठला सीन आहे हे त्यांना तोंडपाठ असायचं. २०१६ मध्ये पुण्यातच गेले. मी त्यांना खूप म्हातारपणी एका शोला बघितलंय, काठी घेऊन आले, पुढे बसले आणि पूर्ण सिनेमाभर हलले नाहीत.

आणि तरीही जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या गोदामाला आग लागली आणि तिथे ठेवलेली अर्काइव्हची नायट्रेटची रिळं जळून गेली. मी तेव्हा कॉलेजला होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. काय गेलं हे तेव्हा कळलं नव्हतं, कळायला लागल्यापासून ती बातमी आठवली की अजून पोटात तुटतं.

एक चांगली गोष्ट पण सांगतो. 'घाशीराम कोतवाल'चा सिनेमा आहे हे किती जणांना माहितीये? नाटक नाही, सिनेमा. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी १९७६ मध्ये युक्त नावाची सहकारी संस्था काढून केला, मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही सगळी त्यात. नाना फडणवीस मोहन आगाशे आणि घाशीराम कोण तर ओम पुरी, त्यांचं अगदी सुरुवातीचं काम. हा सिनेमा हरवला असंच सगळे धरून चालले होते, पण एक प्रिंट बर्लिनच्या एका संग्रहात राहिली होती, तीवरून तो पुन्हा तयार झाला आणि २०१४ मध्ये तिकडे दाखवला गेला. पुण्याच्या कोतवालाची गोष्ट, पुण्यात शिकलेल्या पोरांनी केलेली, आणि सांभाळली बर्लिनने. सोपा सिनेमा नाही, सलग गोष्ट सांगत नाही, मी पहिल्यांदा बघितला तेव्हा निम्मा कळला नाही. पण ओम पुरींचा कोवळा, खडबडीत चेहरा बघण्यासाठी तरी बघा.

---

रीळवेडा

@लॉकॉलेज_रोडवरून नायरसाहेबांबद्दल लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. त्यांच्यावरचा 'सेल्युलॉइड मॅन' पण बघा सगळ्यांनी.

आणि मुक्ताताई, 'माणूस' की 'कुंकू' यावर तुमच्याशी एकदा बसून भांडायचंय. मैनाचं तुम्ही म्हणताय ते पटतं, पण शेवट मला उपदेशाकडे झुकल्यासारखा वाटतो, 'कुंकू' तसा झुकत नाही.

---

मुक्ता_फ

भांडूया की! पण शेवटचा उपदेश गणपतला आहे, मैनाला त्याची गरजच नाही, ती आधीच जगून मोकळी झालीये. चहाला या, सविस्तर सांगते.

अजून एक राहिलं. फक्त प्रभातपाशी थांबू नका. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' बघा, १९९५ चा. लग्नाच्या दिवशीच नवरामुलगा अपघातात जातो, गाव मुलीला, गौरीला, अपशकुनी ठरवतं आणि मग ती मुंबईला जाते, कशाला ते हळूहळू कळतं. सोनाली कुलकर्णी आणि रेणुका दफ्तरदार बहिणी आहेत, आई उत्तरा बावकर. नीरा, मैना आणि ही गौरी, तिघींना एका रांगेत बघा. साठ वर्षांचं अंतर आहे पण घर तेच आहे.

---

नारायणपेठेतली

सगळ्यांना एकत्रच लिहितेय, आठवडाभर लॉगिनच करता आलं नाही.

काल रात्री 'संत तुकाराम' बघितला. लॅपटॉप नाही, बाबांनी हॉलमधला टीव्ही ४:३ करून दिला, काळ्या पट्ट्या आल्या तशा बाबा म्हणाले बिघडला का, त्यांना समजावलं. आई पण येऊन बसली. जिजाई वहाण घेऊन देवळाकडे निघाली तेव्हा आजी खुर्चीत पुढे सरकून मोठ्याने म्हणाली, "विचार, विचार त्याला!" घरात कोणीच काही बोललं नाही. रोज सकाळी सोवळ्याने पूजा करणारी माझी आजी ही, विठोबाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पाणी न पिणारी.

शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई पोरांजवळ मागे राहते तिथे मी रडले. विमानाकडे माझं लक्षच नव्हतं. रीळवेडा काका, नजर हटवली नाही बरं का.

झोपताना आजी आपणहून आत्याबद्दल बोलायला लागली, नाव सांगितलं, कुठे राहायची ते सांगितलं, कोणता पदार्थ चांगला करायची ते सांगितलं. मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय.

'२२ जून' कुठे चांगल्या प्रिंटमध्ये बघायला मिळेल कोणाला माहीत असेल तर सांगा, तो मला मोठ्या पडद्यावरच बघायचाय. शनिवारी 'माणूस' ठरलाय, दुपारी चार वाजता, आजीने खालच्या मजल्यावरच्या दोन मैत्रिणींना पण बोलावलंय आणि मला चिवडा करायला सांगितलाय.